गोठ्यावरचा पांढरा साप आणि काळी चारचा सूर

मे महिन्यात पहिला वळीव कोसळला त्या रात्री साडेनऊच्या सुमारास मावसभावाचा फोन आला. तासगाव तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे, थोडा ऊस आहे आणि गोठ्यावर एक सीसीटीव्ही आहे. "दादा, व्हिडिओ पाठवलाय, बघ की जरा. आई घाबरलीय."

व्हिडिओ १४ सेकंदांचा. रात्रीचं काळं-पांढरं चित्र, कोपऱ्यात दाराचा बल्ब, खाली दोन म्हशी बसलेल्या. आणि बल्बच्या बाजूने एक पांढरा, हातभर लांब दांडा सळकन निघून जातो. मधोमध सरळ रेघ, दोन्ही कडांना एकसारख्या लाटा, जणू एखादी गोम हवेत पोहते आहे. मागोमाग दुसरा. तिसरा तर बल्बभोवती गिरकी घेतो. मावशीच्या मते तो साप होता. शेजारच्या कुणीतरी भानामतीचं नाव काढलं होतं, आणि त्या एका शब्दाने घरातली झोप उडाली होती.

मावशीला हसण्यासारखं यात काही नव्हतं. चित्रात जे दिसत होतं तेच ती सांगत होती. हे दांडे जगभर दिसलेले आहेत. १९९४ साली अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉसवेलजवळ होजे एस्कामिया यांनी काढलेल्या व्हिडिओत असेच आकार उमटले आणि त्यांनी त्यांना 'रॉड्स' असं नाव दिलं. जपानमध्ये लोक त्यांना 'स्काय फिश' म्हणतात. हवेत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा, फक्त कॅमेऱ्यात सापडणारा अज्ञात जीव, असा त्यांचा बोलबाला झाला.

फक्त कॅमेऱ्यातच का सापडतो, हा प्रश्न मात्र अगदी योग्य आहे. उत्तर तिथेच आहे.

अंधाऱ्या खोलीत पेटती उदबत्ती गोल फिरवा. ठिणगी एकच, पण दिसतं लाल कडं. आपला डोळा क्षणभराचा उजेड साठवतो, म्हणून ठिपक्याची रेघ होते. कॅमेरा हेच करतो, पण डोळ्यापेक्षा पक्क्या हिशोबाने. आपल्याकडचे बहुतेक सीसीटीव्ही सेकंदाला २५ चित्रं घेतात. दिवसा भरपूर उजेड असतो, तेव्हा एकेका चित्रासाठी कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा हजारावा भागही उघडी राहिली तरी भागतं. रात्री उजेड पुरत नाही, म्हणून ती जास्तीत जास्त वेळ, म्हणजे सेकंदाच्या जवळजवळ पंचविसाव्या भागापर्यंत उघडी ठेवली जाते. तेवढ्या वेळात सेकंदाला ३ मीटर वेगाने उडणारा किडा १२ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. कॅमेरा त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्या जागी एकाच चित्रात उमटवतो. शरीराची होते मधली सरळ रेघ. वर-खाली होणाऱ्या पंखांच्या होतात कडेच्या लाटा. तो दांडा म्हणजे किड्याचा प्रवास, एका चित्रात गोळा झालेला.

भावाला मी व्हिडिओ एकेक चौकट पुढे सरकवत बघायला लावला. पहिल्या चौकटीत दांडा जिथे संपतो, बरोबर तिथूनच पुढच्या चौकटीत तो सुरू होतो, मध्ये जवळपास फटच नाही. याचा अर्थ कॅमेऱ्याचा डोळा मिटलाच नव्हता, पुरता पंचविसावा भाग उघडा होता. फट दिसली असती तर झडप तेवढा वेळ बंद होती असं समजायचं. हा तपशील पुढच्या हिशोबाला फार उपयोगी पडला.

"पण दादा, केवढा मोठा आहे तो! आणि वेग बघ." हा त्याचा पुढचा मुद्दा. एका कॅमेऱ्याला अंतर कळत नाही. भिंगापासून ३० सेंटिमीटरवरचा १ सेंटिमीटरचा किडा आणि ३० मीटरवरची १ मीटरची वस्तू चित्रात सारखीच जागा व्यापतात. किडा सेकंदाला २ मीटर वेगाने जात असेल आणि आपण त्याला समोरच्या बांधावर धरलं, तर त्याचा वेग निघतो सेकंदाला २०० मीटर, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर. शिवाय कॅमेऱ्याच्या तोंडाशीच न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात. अंतर शंभरपट कमी झालं की त्यांचा उजेड दहा हजारपट वाढतो. म्हणून जवळचा साधा चिलटाएवढा जीवही ट्यूबलाइटसारखा पेटलेला दिसतो आणि मागचा बांध काळोखात बुडतो.

म्हणजे लांबी, जाडी, वेग, चकाकी, यातल्या कशावरच विसंबता येत नाही. पण एक गोष्ट अंतराने बदलत नाही: कडेच्या लाटांची संख्या. किडा जवळ असो की लांब, पंखांची एक फडफड म्हणजे एक लाट. लाटा मोजा आणि २५ने गुणा, की सेकंदाला किती वेळा पंख हलले ते हातात येतं.

मी मिरजेत राहतो. तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीतून रोजचं जाणं-येणं, त्यामुळे सुराचा हिशोब मला जवळचा वाटतो. व्हिडिओतल्या एका बारीक दांड्याच्या कडेला मी ८ लाटा मोजल्या. ८ गुणिले २५ म्हणजे २००. घरमाशीचे पंख सेकंदाला साधारण तेवढ्याच वेळा हलतात, मधमाशीचे २३०च्या आसपास. सेकंदाला २०० कंपनं म्हणजे कोणता सूर? पेटीवरची पांढरी पाच १९६ला आणि काळी चार २०८ला बोलते. स्त्रियांच्या गळ्याला तंबोरा लावताना कितीदा तरी हाच षड्ज धरतात. कानाशी भुणभुणणारी माशी साधारण पांढरी पाच-काळी चारच्या पट्टीत असते, आणि गोठ्यावरच्या त्या मुक्या चित्रात तोच सूर लाटांच्या रूपाने लिहिलेला होता. मला हे फार सुंदर वाटतं. ज्याला आपण कॅमेऱ्याची चूक म्हणतो, त्या चुकीतून कधी न ऐकलेल्या जिवाचा आवाज मोजता येतो.

जाड दांड्यांना मात्र दोन-दोनच लाटा होत्या. म्हणजे सेकंदाला पन्नासेक. एवढा संथ पंख माशीचा नसतो, तो मोठ्या अंगाच्या किड्याचा असतो. वळीव पडला, मे महिना, बाजूला ऊस. आता सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही शेतकऱ्याने पुढचं ओळखलं असेल. हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. जमिनीत सुप्त बसलेले तिचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या ओलीने संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि दिव्यावर झेपावतात. युरोपात याच कुळातल्या भुंगेऱ्याचे पंख सेकंदाला साधारण पन्नास वेळा हलतात, आकडा जुळत होता. पण नुसता आकडा जुळला म्हणून थांबू नये. भावाला म्हटलं, उद्या बल्बखाली प्रकाश सापळा लाव. त्याने घमेल्यात पाणी आणि थोडं रॉकेल घालून ठेवलं. शिवाय मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन लावून, बल्बशेजारी जादा दिवा धरून तोच कोपरा टिपला. मोबाइलच्या चित्रात दांडे आखूड होऊन त्यांना पाय आणि पंख फुटले. घमेल्यात सकाळी तांबूस-तपकिरी भुंगेरे तरंगत होते.

राहिली ती गिरकी. दिव्यापाशी किडे घिरट्या का घालतात, याचं समाधानकारक उत्तर कितीतरी काळ नव्हतं. ते चंद्राला धरून दिशा ठरवतात आणि दिव्याला चंद्र समजतात, असं शाळेत शिकवलं जायचं. जानेवारी २०२४मध्ये यश सोंधी, लंडनच्या इंपिरियल कॉलेजचे सॅम्युएल फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेलं काम प्रसिद्ध झालं. बरेच उडणारे किडे आपली पाठ, म्हणजे अंगाची वरची बाजू, उजेडाकडे ठेवून उडतात. लाखो वर्षं रात्रीचा उजेडही आकाशातूनच यायचा, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे अंग सरळ, एवढं त्यांना पुरायचं. दिवा बाजूला आला की ते त्याच्याकडे पाठ वळवतात, अंग कलतं आणि वाट वाकडी होते. दिव्याच्या वर गेले तर उलटे होऊन कोसळतातही. भावाच्या व्हिडिओतला तिसरा दांडा नेमका असाच बल्बला पाठ देऊन वळला आहे.

मग खरोखर अनोळखी काही दिसतच नाही का? दिसतं, आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. अमेरिकेच्या नासाने नेमलेल्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३च्या अहवालात हेच म्हटलं: न ओळखता आलेल्या घटनांमागे परग्रहवासी असल्याचा पुरावा नाही, आणि खरी अडचण आहे ती नीट मोजलेल्या नोंदींची. त्यात एका गाजलेल्या लष्करी व्हिडिओचा हिशोबही आहे. समुद्रावरून सुसाट पळताना भासणारी वस्तू प्रत्यक्षात ताशी सुमारे ६५ किलोमीटरनेच जात होती. वेग बराचसा टिपणाऱ्या विमानाचा होता. तिथेही गोंधळ अंतराचाच.

म्हणून भावाने आता दुसरा कॅमेरा पाच मीटर बाजूला, त्याच कोपऱ्याकडे तोंड करून बसवला आहे. दोन्हींत एकाच क्षणी काही दिसलं तर त्याचं अंतर काढता येईल. मावशीने लाटा मोजायला शिकून घेतलंय. परवा तिचा फोन होता: "चौदा आल्यात रे. हे काय असंल?" चौदा गुणिले पंचवीस, साडेतीनशे. माशीपेक्षा कितीतरी वरचा सूर. डास असावा, असं मी म्हटलं, आणि गोठ्यात धूर करायला सांगितलं.