विखारी दव

जावा बेट म्हटलं की डोळ्यांपुढे पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं येतात. मध्य जावातल्या दिएंग पठारावर मात्र भाताचं एक रोप दिसत नाही. तिथली थंडी त्याला सोसत नाही. पठाराच्या काठावरचं सेम्बुंगान हे गाव सुमारे 2300 मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही साडेसहाशे मीटर वर. जावातलं सगळ्यांत उंच गाव म्हणून त्याची ओळख. इथे चहूकडे बटाटा. टेकडीच्या माथ्यापर्यंत, घराच्या परसापर्यंत, तळ्याच्या काठापर्यंत बटाटाच.

जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या पहाटे पठाराच्या तळाशी असलेली शेतं पांढरीफेक पडतात. बटाट्याच्या पानाच्या कडेला बारीक खडीसाखरेसारखे कण चिकटलेले असतात. ऊन चढलं की कण वितळतात, पान क्षणभर टवटवीत दिसतं, मग मऊ पडून लोंबतं आणि उकडलेल्या पालेभाजीसारखं काळं होतं. गावकरी याला ‘बुन उपास’ म्हणतात. बुन म्हणजे दव, उपास म्हणजे विष. आपल्या कानाला त्यात वेगळाच उपास ऐकू येतो, पण पीक गेलेल्या घरात दोन्ही अर्थ सारखेच.

विषुववृत्तापासून जेमतेम सात अंशांवर पाणी गोठतं कसं? नुसत्या उंचीने हे होत नाही. जावात जून ते सप्टेंबर हा कोरडा ऋतू. ऑस्ट्रेलियात तेव्हा हिवाळा असतो आणि तिकडून कोरडे वारे येतात. जमीन आणि पानं रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे टाकत असतात. पावसाळ्यात ढग आणि बाष्प त्यातली बरीच परत खाली पाठवतात, गोधडीसारखी. कोरड्या ऋतूत ही गोधडीच नसते. त्यातून वारा पडलेला असेल तर पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. हवा शून्याच्या जरा वर असली तरी पान शून्याखाली जाऊ शकतं. शिवाय गार हवा जड. ती उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि पठाराच्या खोलगट तळाशी साचते. म्हणून उतारावरची शेतं वाचतात आणि सपाटीवरची मरतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात, त्यामागचं गणितही हेच.

पानाच्या आत काय होतं? बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या फटींत धरतो आणि पेशीतलं पाणी ओढून घेतो. पेशी सुकते, तिचं आवरण फाटतं. मग ऊन आलं की आतला रस बाहेर. शेतकरी सूर्य उगवण्याआधीच रबरी पाईप घेऊन पिकावर पाणी मारतात. पाईपचं पाणी पानापेक्षा गरम असतं, शिवाय गोठताना तेही उष्णता सोडतं. जाळ्या अंथरणं हा दुसरा उपाय. गोधडी नाही म्हटल्यावर निदान चादर.

हे दव सगळ्यांत जास्त जिथे पडतं, ते मैदान अर्जुन मंदिरांचं आहे. सातव्या-आठव्या शतकांच्या सुमाराची ही छोटी शिवमंदिरं, त्यांना नावं मात्र खूप नंतर चिकटली ती महाभारताची: अर्जुन, सुभद्रा, श्रीकंडी म्हणजे आपली शिखंडी. अर्जुनासमोर सेमार. हा सेमार व्यासांच्या महाभारतात शोधू नका, तो अस्सल जावाचा विदूषक.

बटाटा मात्र इथला नाही. नकाशावर दिएंगवर बोट ठेवून त्याच अक्षांशावरून सरकवत पॅसिफिक ओलांडला, की उत्तर पेरूतलं काहामार्का लागतं. अँडीज पर्वत, बटाट्याचं माहेर. उंची तशीच, रात्री तशाच गार. त्यामुळे तो इथे रुळला यात नवल नाही. 1980 च्या दशकाआधी दिएंगवर मका आणि तंबाखू होता. बटाट्याने पैसा आणला: पक्की घरं उभी राहिली, मोटारसायकली आल्या, कित्येकांची हजयात्रा झाली. ‘ग्रानोला’ हे मूळचं जर्मन वाण शंभरएक दिवसांत तयार होतं. मग एकाच जमिनीत वर्षातून दोनदा, तीनदा तेच पीक.

अडचण इथून सुरू होते. बटाट्याला मुळाशी साचलेलं पाणी खपत नाही. कंद सडतो, करपा येतो. म्हणून दिएंगचा शेतकरी सऱ्या उताराला आडव्या न काढता वरून खाली सरळ सोडतो. पाणी झरकन निघून जातं आणि माती घेऊन जातं. ज्वालामुखीच्या राखेची ही काळी, भुसभुशीत माती हातात धरली तर हलकी लागते, त्यामुळे वाहायलाही सोपी. कृषी खात्याचा माणूस आडव्या सऱ्या काढा म्हणून सांगून जातो. शेतकऱ्याला हे कळत नाही असं मुळीच नाही. त्याच्या हिशेबात सडलेला कंद या हंगामातला आहे आणि गेलेली माती पुढच्या पिढीची. वर कर्ज डोक्यावर असेल तर कोणता हिशेब जिंकतो ते आपल्याकडच्या कुठल्याही गावात दिसेल.

गेलेल्या मातीची भर कोंबडीखताने काढतात. ट्रकांवर ट्रक भरून पोती येतात आणि लागवडीच्या दिवसांत अख्ख्या पठाराला त्याचा वास असतो. मातीचा पत्ता मात्र खाली सापडतो. सेरायू नदी याच पठारावर उगम पावते, आणि तिच्यावर 1980 च्या दशकाच्या अखेरीस पुरं झालेलं म्रिचा हे वीजनिर्मितीचं धरण गाळाने भरत चाललं आहे. वरचा बटाटा आणि खालची वीज असे एकमेकांत अडकले आहेत.

न दिसणाऱ्या विषाशी दिएंगची गाठ जुनी आहे. 20 फेब्रुवारी 1979 रोजी पहाटे पठारावरच्या सिनिला या ज्वालामुखी विवराचा स्फोट झाला. माणसं घाबरून पळाली आणि वाटेत दबा धरून बसलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शिरली. हा वायू हवेपेक्षा जड, बिनवासाचा, सखल जागी साचणारा. 140 हून अधिक जीव गेले आणि केपुचुकान ही वस्ती कायमची उठली.

शेतातलं न दिसणारं संकट सोनेरी रंगाचं आहे. बटाट्याच्या मुळांवर जगणारी ही सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखी अतिबारीक कृमी, तीही अँडीजचीच. इंडोनेशियात ती 2003 मध्ये पूर्व जावात आढळली, पुढे दिएंगवरही. मादी फुगून मोहरीपेक्षाही लहान गोळी होते, आधी पांढरी, मग सोनेरी. ती मरते तेव्हा तिच्या कातड्याचीच टणक कुपी बनते आणि आत शेकडो अंडी. ही कुपी मातीत वीस वर्षंही तग धरते. बटाट्याच्या मुळातून पाझरणाऱ्या रसाची चाहूल लागली की अंडी उबतात. बेण्याला चिकटलेली माती, बूट, पोतं, एवढं तिला पसरायला पुरे. यावर अँडीजची जुनी रीत म्हणजे बटाट्यानंतर जमीन काही वर्षं पडीक टाकणं. दिएंगवर बटाटा पोचला, कृमी पोचली, ही रीत तेवढी वाटेत राहिली. माझ्या मते दवापेक्षा खरं विष हे. दव एक हंगाम खातं.

तिसरा अँडियन पाहुणा मात्र गुणी निघाला. कारिका नावाची डोंगरी पपई, मुठीएवढी, वासाला घमघमीत. कच्ची फारशी खाववत नाही, म्हणून पाकात मुरवून बरण्यांत भरतात. झाडं शेताच्या बांधावर लावतात, तेवढीच माती धरून राहते. बरण्या भरायचं काम बहुतेक बायकांचं आणि बरण्या घेणारे पर्यटक.

पर्यटक येतात सिकुनीर टेकडीवरून सूर्योदय बघायला. सेम्बुंगानमधली पोरं त्यांना पहाटे चारला टॉर्च घेऊन वर नेतात आणि दिवस वर आला की बटाट्याच्या शेतात दिसतात. कोरड्या ऋतूत आता काही जण खास बर्फ बघायला येतात. घरातली जास्तीची खोली भाड्याने देणाऱ्याला दव पडलेलं हवं असतं. शेजाऱ्याला नको असतं. आणि पुष्कळ घरांत ही दोन्ही माणसं एकच असतात. पाहुणा मोबाईल घेऊन पांढऱ्या पानावर वाकतो तेव्हा यजमान पाईप हातात धरून त्याचा फोटो होईपर्यंत थांबतो.