चालायचं कोणी: पिकिंग रोबोटांच्या मागची सत्तर वर्षं

हाताने चालणाऱ्या गोदामात पिकरचा, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल रॅकांतून काढून गोळा करणाऱ्या कामगाराचा, वेळ कुठे जातो, याचं एक ढोबळ गणित या क्षेत्रात सर्रास वापरलं जातं. निम्मा वेळ चालण्यात जातो, वीस टक्के शोधण्यात, आणि माल प्रत्यक्ष उचलायला जेमतेम पंधरा टक्के. बाकीचा तयारीत आणि किरकोळ कामांत संपतो. आज रॅकांमधून फिरणारे स्वयंचलित मोबाइल रोबोट, म्हणजे एएमआर, यातल्या पहिल्या निम्म्यासाठी आहेत. खोक्यात हात घालून नेमकी वस्तू काढायचं काम बहुतेक ठिकाणी अजून माणूसच करतो.

सुरुवात झाली ती ओढगाडीपासून. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बॅरेट इलेक्ट्रॉनिक्सने चालकाशिवाय तारेमागे जाणारी गाडी आणली. पुढे ही तार जमिनीत गेली. काँक्रीटमध्ये खाच पाडून तार पुरायची, तिच्यातून ठरावीक वारंवारतेचा प्रवाह सोडायचा आणि गाडीच्या पोटाखालच्या दोन कॉइलना मिळणाऱ्या संकेतांतल्या फरकावरून चाक वळवायचं. वोल्वोने १९७४मध्ये स्वीडनमधल्या काल्मारच्या कारखान्यात मोटारींची जुळणीच अशा गाड्यांवर केली. पॅलेट, म्हणजे माल रचून ठेवायचा सपाट सांगाडा, एका ठरलेल्या जागेवरून दुसरीकडे न्यायला हे तंत्र उत्तम आहे, आणि काही ठिकाणी आजही तेच सर्वांत शहाणपणाचं ठरतं. पिकिंगला मात्र ते उपयोगाचं नव्हतं. तिथे थांबे चार-सहा नसतात, हजारो असतात, आणि मालाची मांडणी हंगामागणिक बदलते. प्रत्येक बदलाला जमीन कापायची म्हटलं तर हिशेब बसत नाही. १९९०च्या दशकात भिंती-खांबांवर परावर्तक लावून लेझरने जागा ओळखणाऱ्या गाड्या आल्या. मार्ग आता सॉफ्टवेअरमध्ये बदलता येऊ लागला, पण गाडी आखलेल्या रेषेवरच चालायची. वाटेत खोका आला की थांबायची आणि कोणी तो उचलेपर्यंत थांबूनच राहायची.

तिढा सुटला तो उलट्या बाजूने. वेबव्हॅन ही ऑनलाइन किराणा कंपनी २००१मध्ये बुडाली. तिथे काम केलेले मिक माउंट्झ यांनी २००३मध्ये किवा सिस्टिम्स सुरू केली. पीटर वुरमन आणि राफाएलो डी'आंद्रेआ तिचे सहसंस्थापक. माणसाने शेल्फकडे जायचं नाही, शेल्फच माणसाकडे आणायचं, ही त्यांची कल्पना. रोबोट बुटका असतो आणि शेल्फखाली शिरतो. जमिनीवर जाळीसारखे चिकटवलेले द्विमितीय बारकोड तो खालच्या कॅमेऱ्याने वाचतो आणि शेल्फच्या तळावरचा बारकोड वरच्या कॅमेऱ्याने. उचलण्याची युक्ती खास आहे. वरची चकती मोठ्या स्क्रूवर बसवलेली असते, चाकं रोबोटला जागच्या जागी गोल फिरवतात आणि चकती न फिरता वर सरकते. त्यामुळे वरचा सगळा डोलारा स्थिर राहतो.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. त्या जाळीत माणसाला प्रवेश नाही. शेल्फवरून एखादी वस्तू खाली पडली तर तेवढा भाग बंद करून, रोबोट थांबवून मगच आत जायचं. बारकोड झिजला किंवा धुळीने झाकला गेला की रोबोट तिथे अडखळतो. आणि ही यंत्रणा बसवायला जागा रिकामी करावी लागते, चालू गोदामात ती टप्प्याटप्प्याने घुसवणं अवघड.

मार्च २०१२मध्ये ॲमेझॉनने किवा ७७.५ कोटी डॉलरला घेतली आणि पुढे बाहेरच्यांना विक्री थांबवली. आजच्या एएमआर बाजाराला कोणत्याही शोधापेक्षा या एका व्यवहाराने जास्त आकार दिला, असं आमचं मत आहे. किवाचे रोबोट वापरणाऱ्या क्वाएट लॉजिस्टिक्स या गोदाम कंपनीला दुसरा पर्याय शोधावा लागला आणि तिच्यातूनच लोकस रोबोटिक्स निघाली. किवातून बाहेर पडलेल्या लोकांनी २०१५मध्ये सिक्स रिव्हर सिस्टिम्स काढली. भारतात ग्रेऑरेंज २०११पासून होतीच, आणि तिचा 'बटलर' शेल्फ उचलण्याच्या वाटेनेच गेला.

नव्या कंपन्यांनी मात्र रॅक जागेवर ठेवले आणि टोट, म्हणजे माल ठेवायचा क्रेट, घेऊन फिरणारा रोबोट माणसांमध्ये सोडला. हे जमलं, कारण मधल्या काळात प्रयोगशाळांतलं काम पिकलं होतं. रोबोट अनोळखी जागेत फिरताना नकाशाही बनवतो आणि त्यातच स्वतःची जागाही शोधतो, त्या पद्धतीला स्लॅम म्हणतात. तिचा गणिती पाया १९८०च्या दशकातला. लेझर स्कॅनर स्वस्त होत गेले, आणि २००७च्या सुमारास सुरू झालेल्या आरओएस या रोबोटांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे प्रत्येकाला शून्यापासून लिहायची गरज उरली नाही.

नकाशा का लागतो, ते आकड्यांत पाहा. चाकाचा व्यास रबर झिजून एक टक्क्याने घटला, तर नुसत्या चाकांच्या मोजणीवर शंभर मीटरमागे एक मीटर चूक होते. दिशेत एक अंशाचा फरक पडला तर तीस मीटर पुढे रोबोट अर्धा मीटर बाजूला सरकलेला असतो, म्हणजे थेट रॅकवर. लेझर ही चूक सतत पुसत राहतो, पण त्यालाही खोड्या आहेत. लांब, एकसारख्या गल्लीत त्याला फक्त दोन समांतर भिंती दिसतात. बाजूचं अंतर अचूक कळतं, गल्लीत किती आत आलो ते कळत नाही. रॅकच्या टोकांना वेगवेगळ्या अंतरावर परावर्तक पट्ट्या लावणं हा त्यावरचा साधा इलाज. नकाशा रिकाम्या गोदामात बनवला आणि दुसऱ्या दिवशी पॅलेट येऊन उभे राहिले, तरी रोबोट हरवतो. शिवाय लेझर एकाच उंचीवर आडवा पाहतो. टेबलाचे पाय त्याला दिसतात, वरची फळी नाही. त्यासाठी वेगळा खोली मोजणारा कॅमेरा लागतो.

सर्वांत जास्त तक्रारी मात्र गर्दीच्या. रोबोट ठरलेल्या जागी जाऊन थांबतो, त्या भागातला पिकर येतो, पडद्यावर वस्तू पाहतो, स्कॅन करून टोटमध्ये टाकतो, रोबोट पुढे जातो. रोबोट कमी असतील तर पिकर ताटकळतो. जास्त असतील तर वेगाने खपणाऱ्या मालाच्या गल्लीत त्यांचीच रांग लागते. इथे रोबोट वाढवून काही होत नाही, तो माल दोन-तीन गल्ल्यांत विभागावा लागतो.

माणसांसोबत वावरायचे नियम मागाहून आले. २०२०च्या आयएसओ ३६९१-४ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाप्रमाणे वाटेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळं अंतर धरायचं. म्हणजे साठ सेंटिमीटर रुंद रोबोटला १.६ मीटरची गल्ली हवी. जुन्या गोदामांत ती अनेकदा नसते, मग वेग उतरवावा लागतो आणि खरेदीच्या वेळी मांडलेलं गणित कोलमडतं.

हात असलेले रोबोटही आले. फेच रोबोटिक्सने २०१५मध्ये उचलणारा आणि वाहणारा असे दोन्ही दाखवले. गोदामांनी वाहणारा घेतला, हातवाला मुख्यतः संशोधन संस्थांत रमला. बुटांच्या खोक्यांसारखा एकसारखा, कडक बांध्याचा माल असेल तर म्युनिकच्या मागाझिनोचा टोरू ते काम करून दाखवतो. प्लास्टिकच्या पिशवीतला ढिला शर्ट आला की अडचण सुरू होते.

सध्याचा गुंता आहे तो एकाच गोदामात दोन कंपन्यांचे रोबोट चालवण्याचा. जर्मन उद्योग संघटनांनी २०१९मध्ये व्हीडीए ५०५० ही रोबोट आणि नियंत्रक यांच्यातल्या संवादाची सामायिक पद्धत ठरवली. त्यात वाट बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांतून सांगितली जाते, आणि ही मांडणी मुळात रेषेवर चालणाऱ्या गाड्यांना जुळणारी आहे. स्वतःची वाट काढणारे दोन वेगळ्या घरचे एएमआर अरुंद दारात समोरासमोर आले, की आधी कोणी जायचं हे वर एक सामायिक नियंत्रक नसेल तर ठरतच नाही.