बाप्तिस्म्याची घाई आणि उशीर

विश्वास ठेवलात ना, मग तो आजच कृतीत दिसू द्या, बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होताना पाण्याने होणारा संस्कार घ्या, असे ख्रिस्ती पाळक सांगतात. या आग्रहाचे मूळ बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सापडते. तिथे एक कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी वाटेत समोर पाणी आहे, मग बाप्तिस्म्याला अडचण कसली, असे विचारतो आणि रथ थांबवतो. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी तर रात्री त्याच घटकेला फटके खाऊन कैदेत पडलेल्या पौल व सीला या प्रचारकांचे वळ धुतो आणि लगोलग घरच्यांसह बाप्तिस्मा घेतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पाणी आधी दुसऱ्याच्या जखमांवर पडले. क्रियांवाचून विश्वास निर्जीव, हे याकोबाच्या पत्रातले म्हणणे याहून वेगळे नाही.

पुढे ही तातडी ओसरली. बाप्तिस्म्याने मागची सारी पापे धुतली जातात, पण नंतरच्या मोठ्या पापांना कडक प्रायश्चित्त; म्हणून तो लांबवण्याची रीत पडली. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये, मृत्यू समोर दिसल्यावर घेतला. अर्भकांचा बाप्तिस्मा सर्वत्र रुळला आणि हा प्रश्नच मागे पडला. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काहींनी जाणत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मांत्सला १५२७ मध्ये नदीत बुडवून मारले.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात ही हाक आली तेव्हा तिची किंमत घरादाराने मोजली. मुंबईत १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला आणि शहर ढवळून निघाले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. तरी मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवल्यामुळे त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. मनात काय आहे हे कोणी विचारत नव्हते, पंगत कोणाची हे पाहत होते. धर्म बदलला तरी वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा १८५० मध्ये झाला, पण तुटलेली नाती कायद्याने कशी जुळणार?

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या. त्यानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. टिळकांच्या धैर्याविषयी बोलताना त्या वर्षांचा हिशेब अनेकदा राहून जातो, याचे मला वाईट वाटते. आज्ञा एकाने पाळली, ताटातूट दोघांच्या वाट्याला आली.

पंडिता रमाबाईंचा क्रम तर उलटाच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र आठ वर्षांनी भेटला, असे त्यांनी स्वतःच नंतर लिहिले. तोवर त्यांचे शारदा सदन, विधवा व मुलींची निवासी शाळा, उभे राहिलेही होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला विहिरी खणल्या, शेत केले, घरे बांधली.