स्टँड-अप ते सिनेमा (नागपूर)

मंचावर एकट्याने उभे राहून, स्वतःच्याच नावाने विनोद सांगणाऱ्या कलावंताचा चित्रपट-अभिनयाकडे होणारा व्यावसायिक प्रवास. हिंदीत ही वाट जॉनी लीव्हर यांच्यापासून रुळली आणि दूरचित्रवाणीवरच्या विनोदी स्पर्धांनी ती रुंद केली. नागपूर आणि आसपासच्या विदर्भात तिला दोन गोष्टी चिकटल्या आहेत: बोली, आणि मुंबईपासूनचे आठशेहून अधिक किलोमीटर. अंतराची अडचण आता बरीच कमी झाली आहे. बोलीचे तसे नाही. तिच्यामुळे इथला कलावंत चटकन लक्षात राहतो, आणि तिच्यामुळेच त्याला वर्षानुवर्षे एकच भूमिका मिळत राहते.

पूर्वपीठिका

नागपूरकराला भर रस्त्यात टवाळी करायची सवय जुनी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे गावची पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत बडगे नावाचे पुतळेही नाचवले जातात. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, खड्डे यांपैकी त्या वर्षी जे बोचले असेल ते लिहिलेले असते. मारबतीची ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची आहे. लोककलांमध्ये खडी गंमत आणि दंडार या दोन्हींत सोंगाड्याला मानाची जागा असते. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमी आहे. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचे केंद्र. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने तिथली नाटके रात्रभर चालतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीतला विनोदी नट हजारोंच्या गर्दीला पहाटे तीन वाजता जागे ठेवतो. पण तो पात्र वठवतो, ‘मी’ म्हणून बोलत नाही. एकपात्री प्रयोगाचेही तसेच. स्टँड-अपचा वेगळेपणा या ‘मी’मध्ये आहे, आणि पुढे कॅमेऱ्यासमोर सगळ्यात आधी नडतो तोही हाच.

शहरात या कलेची पहिली शाळा ऑर्केस्ट्रा होती. गायक कपडे बदलेपर्यंतची सात-आठ मिनिटे मिमिक्रीवाल्याने भरून काढायची, असा तो व्यवहार होता. होळीच्या आसपासची हिंदी हास्य-कवी संमेलने ही दुसरी शाळा. धरमपेठ, रामदासपेठ भागातल्या कॅफेंमधले ओपन माइक, म्हणजे कोणीही नाव नोंदवून काही मिनिटे बोलावे असे कार्यक्रम, त्या मानाने अलीकडचे.

ठळक उदाहरणे

जॉनी लीव्हर यांचा जन्म आंध्र प्रदेशातल्या कनिगिरीचा, १९५७ सालचा. मुंबईत हिंदुस्तान लीव्हरच्या कारखान्यात काम करताना ते साहेबांच्या नकला करत, त्यावरून हे नाव पडले. ऑर्केस्ट्रा, मग कल्याणजी-आनंदजींचे परदेश दौरे आणि १९८२ मध्ये सुनील दत्त यांच्या ‘दर्द का रिश्ता’त भूमिका, असा त्यांचा क्रम आहे. घराघरांत ते पोचले १९९३ च्या ‘बाजीगर’मधल्या बाबूलालमुळे. म्हणजे पडद्यावर पाऊल पडल्यापासून पक्की ओळख होईपर्यंत दहा-अकरा वर्षे गेली. नवख्यांनी हा आकडा नीट पाहून ठेवावा.

विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २००५. त्या वर्षी ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ ही स्पर्धा वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे सुनील पाल यांनी जिंकली. तिथेच नावारूपाला आलेले एहसान कुरेशी हे नागपूर-जबलपूर रस्त्यावरच्या शिवनीचे. कानपूरचे राजू श्रीवास्तव हेही त्याच पर्वातले. दोनच वर्षांत, २००७ मध्ये, हे तिघे ‘बॉम्बे टू गोवा’ या चित्रपटात एकत्र दिसले. स्पर्धेतून सिनेमा इतक्या लवकर मिळतो हे तेव्हा कळले. प्रत्येकाला मंचावरच्याच सोंगाची छोटी आवृत्ती मिळते, हेही तेव्हाच कळले. अमरावती जिल्ह्यातले भारत गणेशपुरे हे उदाहरण थोडे निराळे. ते मुळात अभिनेते, पण ‘चला हवा येऊ द्या’मधून त्यांनी वऱ्हाडी बोलीला महाराष्ट्रभर हशा मिळवून दिला. त्यानंतर मराठी पटकथांमध्ये ‘नागपूरकडचा’ माणूस हमखास दिसू लागला.

सेट

पाच मिनिटांचा सेट, म्हणजे सलग सादर करायचा विनोदांचा संच, हे या कामाचे पहिले एकक. हशासाठी थांबायचा वेळ धरला तर त्याला कागदावर पाचशे-साडेपाचशे शब्द पुरतात. नवखा हजार शब्द घेऊन येतो आणि शेवटचे दोन विनोद धापा टाकत उरकतो. मिनिटाला चार हशे आले तर सेट उभा आहे असे मानतात. सेट दर वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, घरी ऐकताना हशांच्या वेळा टिपायच्या आणि जिथे वीस सेकंद कोरडी गेली तिथली प्रस्तावना छाटायची. मित्रमंडळी पुढच्या रांगेत बसली असतील तर ते रेकॉर्डिंग हिशेबात धरू नये.

रचना समजायला एक नागपुरी नमुना: ‘आमच्या घरी मे महिन्यात लोकशाही असते. कूलरसमोर कोण झोपणार, हे मतदानानं ठरते. पण टाकीत पाणी कोण भरणार, हे ठरवते बाप.’ पहिली दोन वाक्ये सेटअप, म्हणजे पूर्वतयारी; ‘बाप’ हा पंच, म्हणजे हशाचा शब्द. ‘अन् मत न देता कूलरसमोर झोपतेही तोच’ हा टॅग, म्हणजे त्याच सेटअपवर मिळालेला दुसरा हशा. पुढे सोसायटीच्या मीटिंगचा विषय निघाला आणि अध्यक्ष कोणालाही न विचारता खुर्चीवर बसला, की ‘तिथंही एक बाप निघाला’ एवढे पुरते. हा कॉलबॅक, म्हणजे आधीच्या विनोदाची पुढे काढलेली आठवण.

मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येते, आणि विनोदाचा शब्द त्याच्या आधी अडकतो. ‘हे बाप ठरवते’ म्हटले तर लोक ‘बाप’वर हसायला लागतात आणि ‘ठरवते’ त्यात बुडते. पुढच्या वेळी ते हसायला बिचकतात. म्हणून शब्द उलटवून पंच शेवटी आणायचा. नागपुरी बोलण्यात अशी उलटापालट सहज खपते, पुस्तकी मराठीत ती कृत्रिम वाटते. पंचनंतर ‘न बावा’, ‘म्हणजे बघा’ अशी शेपटी लावणे ही इथली सर्वांत सामान्य चूक.

हाच विनोद पुण्यात किंवा मुंबईत न्यायचा तर एक वाक्य वाढवावे लागते: रोज संध्याकाळी पाइप लावून कूलरची टाकी भरावी लागते, नाहीतर रात्री नुसती गरम हवा येते. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा न काढलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय बापाचा जुलूम कळत नाही.

वेळ संपायच्या एक मिनिट आधी मागून टॉर्च दाखवतात, त्याला ‘लाइट’ म्हणतात. लाइट दिसूनही बोलत राहणाऱ्याला पुढच्या वेळी यादीत जागा मिळत नाही. विनोद पडला तर मात्र मिळते.

जागा आणि आवाज

स्टँड-अपला लहान, ठेंगण्या छताची, खुर्च्या खेटून मांडलेली खोली मानवते. चाळीस माणसे साठ खुर्च्यांत विखुरली की हशा पसरत नाही, म्हणून आयोजकाने मागच्या खुर्च्या आधीच उचलून ठेवाव्यात. कॅफेत कॉफीचे ग्राइंडर नेमके पंचवर सुरू होते. तेवढा वेळ यंत्र बंद ठेवण्याचे काउंटरवर आधी बोलून घ्यावे. उन्हाळ्यात कूलरची घरघर शब्दांची शेवटची अक्षरे खाते. अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा गती कमी केलेली बरी.

माइक हनुवटीच्या किंचित खाली, ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरायचा. जाळी मुठीत झाकली की शिट्टी वाजते. ऑर्केस्ट्रातून आलेल्यांना ही सवय हमखास असते. स्टँडवरून माइक काढला की स्टँड मागे सरकवायचा, नाहीतर पाच मिनिटे त्या दांड्याच्या आडून बोलणे होते.

रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहासारख्या सुमारे दोन हजार आसनांच्या जागी गणितच बदलते. हशा पुढून उठतो आणि बाल्कनीपर्यंत पोचून परततो. तो उतरू लागला की पुढचे वाक्य घ्यायचे, पूर्ण विरेपर्यंत थांबायचे नाही. कॅफेतला पाच मिनिटांचा सेट इथे सात मिनिटे चालतो. मोकळ्या मैदानावरच्या गणेशोत्सवी आणि नवरात्राच्या कार्यक्रमांत, सवलतीचे काही दिवस सोडता, रात्री दहाची ध्वनिक्षेपकाची मर्यादा असते. भाषणे लांबली की कात्री नेहमी विनोदवाल्याच्या वेळेला लागते, तेव्हा दहा मिनिटांचा सेट चार मिनिटांत कसा बसवायचा हे घरूनच ठरवून जावे. लग्नाच्या स्वागत समारंभात लोक ताट हातात घेऊन उभे असतात. तिथे लांब सेटअप चालत नाही, मिमिक्री चालते.

कॅमेऱ्यासमोर

मंचावर हशा हाच दिग्दर्शक असतो. चित्रीकरणाच्या सेटवर कोणी हसत नाही, हसायला परवानगीच नसते. ध्वनिमुद्रण चालू असते. मंचावर मुरलेला कलावंत वाक्य टाकून नकळत अर्धा सेकंद थांबतो, न येणाऱ्या हशाची वाट पाहतो. संकलकाला ती पोकळी कापावी लागते आणि समोरच्या नटाचा प्रतिसाद उशिरा आल्यासारखा दिसतो. दुसरी खोड डोळ्यांची. प्रेक्षकांकडे पाहायची सवय असल्याने नजर भिंगात जाते. तिसरी आवाजाची: छातीवर कपड्याखाली लेपल माइक असताना शेवटच्या रांगेसाठी बोलले जाते, आणि भुवयाही त्याच मापाने उडतात. क्लोजअपमध्ये चेहरा पडदाभर असतो. तिथे अर्धी भुवई पुष्कळ झाली.

सर्वांत महाग पडते ते आयत्या वेळी सुचणे. आधी सबंध प्रसंगाचा मास्टर शॉट घेतात, मग तेच संवाद जवळून. मास्टरमध्ये ‘टाकी’ या शब्दावर बादली उजव्या हाताने खाली ठेवली असेल, तर प्रत्येक टेकमध्ये त्याच शब्दावर, त्याच हाताने ती ठेवावी लागते. स्टँड-अपवाल्याला तिसऱ्या टेकला नवा शब्द सुचतो, तो बोलून टाकतो, तंत्रज्ञ गालातल्या गालात हसतात, आणि तो टेक जोडणीला निरुपयोगी ठरतो. सुचलेले दिग्दर्शकाला दोन टेकच्या मधे सांगावे. ठेवायचे ठरले तर मास्टर पुन्हा होतो.

वरचाच कूलरचा विनोद पटकथेत आला तर त्यातले जवळजवळ सगळे शब्द गळून पडतात. मुलगा भरलेली बादली घेऊन खोलीत येतो. बाप कूलरसमोर घोरतो आहे. मुलगा एकदा बादलीकडे बघतो, एकदा बापाकडे, आणि टाकीचे झाकण उघडतो. विनोद त्या दोन नजरांच्या मधल्या क्षणात आहे. मंचावर मुलगा आणि बाप दोघेही एकाच कलावंताने केलेले असतात. इथे बाप दुसऱ्या नटाचा आहे, आणि प्रसंगातला मोठा हशा बहुधा त्या घोरणाऱ्यालाच मिळणार. समोरच्याला हशा घेऊ देणे ही स्टँड-अपमध्ये कधीच न लागणारी गोष्ट, म्हणून ती शिकायला सर्वाधिक वेळ जातो. यावर घरच्या घरी औषध नाही. एखाद्या हौशी नाट्यसंस्थेत वर्षभर दुय्यम भूमिका करणे हा इथला खात्रीचा मार्ग; राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी त्यासाठी पुरेशा कडक असतात.

ऑडिशन आणि बोली

निवड करणाऱ्यांकडून निरोप येतो तो बहुधा ‘उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा’ असा. पूर्वी त्यासाठी रात्रीची विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो गाठावी लागे. आता पहिली फेरी सेल्फ-टेपवर, म्हणजे स्वतःच घरी टिपलेल्या व्हिडिओवर होते. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडला लावलेला; मागे कोरी भिंत; उजेड समोरून; पंखा आणि कूलर बंद. आधी नाव, उंची, शहर आणि येणाऱ्या भाषा सांगायच्या, मग समोरून व दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायचा, मग प्रसंग. समोरच्या पात्राची वाक्ये कोणीतरी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसून हळू आवाजात वाचावीत. वाचणाऱ्याने अभिनय करू नये. मित्राचा आवाज मोठा आणि आपला लहान अशा टेप पुष्कळ जातात.

एकच टेप नागपुरीत पाठवणे ही धोरणातली चूक. ‘जाऊन राहिलो’, ‘तो म्हणते’ ही वळणे ऐकली की निवड करणारा हसतो आणि नाव ‘विदर्भातला विनोदी माणूस’ या रकान्यात टाकतो. तिथून ते सहसा बाहेर येत नाही. दुसरी टेप प्रमाण मराठीत किंवा हिंदीत, आणि शक्यतो गंभीर प्रसंगाची असावी. उलट बाजूही आहे: बाहेरच्या नटाकडून वऱ्हाडी आणि नागपुरीची खिचडी करून घेणाऱ्या निर्मात्यांना अस्सल बोलणारा माणूस भाषा-साहाय्यक म्हणूनही लागतो. ते काम घेतले तर सेटवरची शिस्त पगार घेऊन शिकता येते.

करार आणि पैसा

मंचाचे मानधन एका रात्रीचे, बहुधा अर्धे आगाऊ. चित्रपटात दिवसाचा दर ठरतो, पाळी आठ किंवा बारा तासांची असते, आणि त्यातला मोठा भाग वाट पाहण्यात जातो. व्यावसायिक मानधनातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीचा आयकर, कापला जातो. विवरणपत्र भरले नाही तर परत मिळू शकणारी रक्कमही पडून राहते. वाहिनीच्या स्पर्धेचा करार सही करण्याआधी दोन कलमे वाचावीत: तिथे सादर केलेले साहित्य पुन्हा मंचावर वापरता येईल का, आणि किती महिने दुसऱ्या वाहिनीवर दिसता येणार नाही. पहिल्या कलमात हयगय केली तर दहा वर्षांत घासून तयार केलेला अर्धा तास एका सहीने दुसऱ्याचा होतो.

तारखांचा पेच इथे नेहमीचा. दिवाळी ते होळी हा नागपुरात कार्यक्रमांचा आणि पूर्वेकडे झाडीपट्टीचा भर हंगाम. चित्रीकरणाची वेळापत्रकेही थंडीतच ठरतात आणि शेवटच्या आठवड्यात सरकतात. म्हणून या काळात कार्यक्रम घेताना आयोजकाशी पर्यायी कलावंताचे नाव आणि आगाऊ रक्कम परत करण्याची मुदत लेखी ठरवून घेतात, आणि निर्मात्याला अडलेल्या रात्रींची यादी पहिल्याच बोलण्यात देतात.