निवडणूक रोख्यांच्या दोन याद्या जुळल्या कशा

निवडणूक रोखा म्हणजे नाव उघड न करता राजकीय पक्षाला देणगी देण्यासाठी स्टेट बँकेतून विकत घ्यायचा कागद; पक्ष तो बँकेत वटवून पैसे घेई. 14 मार्च 2024 च्या संध्याकाळी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर या रोख्यांच्या दोन पीडीएफ फाइली आल्या. एक 337 पानांची, दुसरी 426 पानांची. पहिलीत रोखा कधी घेतला, कोणी घेतला आणि कितीचा, एवढे तीन रकाने. दुसरीत तो कधी वटवला, कोणत्या पक्षाने आणि कितीचा. पहिली फाइल उघडून खाली सरकत गेलं की एकाच कंपनीचं नाव आणि समोर 1,00,00,000 हा आकडा ओळीमागून ओळी येत राहतो. एक ओळ म्हणजे एक कोटी रुपये. पण या यादीतली ओळ त्या यादीतल्या कोणत्या ओळीशी जोडायची, हे सांगणारं काहीच दोन्हींत नव्हतं. ओळींची संख्यासुद्धा जुळत नव्हती: एकीकडे 18,871, दुसरीकडे 20,421.

अर्थविषयक शोधपत्रकारितेत आकडे लपवलेले सापडतात ते बहुतेक वेळा असे. कागद असतात, पण एकमेकांपासून तोडून ठेवलेले. निवडणूक रोख्यांच्या बाबतीत तर ही तोड योजनेतच होती.

फेब्रुवारी 2017 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी ही योजना मांडली. त्याआधी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 7.5 टक्क्यांहून जास्त देणगी राजकीय पक्षांना देता येत नसे आणि कोणत्या पक्षाला किती दिलं, हे हिशेबात दाखवावं लागे. 2017 च्या वित्त कायद्याने दोन्ही अटी काढल्या. तोट्यातली कंपनीही आता कोट्यवधी देऊ शकत होती आणि कोणाला दिले हे सांगायचं बंधन तिच्यावर नव्हतं. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या बदलात आहे. रोखा हा फक्त कागद होता.

रिझर्व्ह बँकेने 30 जानेवारी 2017 लाच या रोख्यांवर लेखी आक्षेप घेतला होता. वित्त विधेयक आधीच छापून झालंय, सल्ला उशिरा आला, असं कारण देऊन तो बाजूला ठेवला गेला. निवृत्त कमोडोर लोकेश बत्रा यांनी माहिती अधिकारात चिकाटीने मिळवलेल्या कागदांवरून पत्रकार नितीन सेठी यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये हे उघड केलं.

त्याच्याही आधी, एप्रिल 2018 मध्ये, पत्रकार पूनम अग्रवाल यांनी स्टेट बँकेतून हजार-हजार रुपयांचे दोन रोखे विकत घेतले आणि एक प्रयोगशाळेत तपासायला दिला. साध्या उजेडात रोख्यावर कोणताच क्रमांक दिसत नव्हता. अतिनील प्रकाशाखाली धरल्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात अक्षरं आणि आकडे उमटले. प्रत्येक रोख्याला स्वतःची ओळख होती. हा क्रमांक बनावट रोखे ओळखण्यासाठी आहे, खरेदीदार किंवा पक्षाच्या नोंदीत बँक तो लिहीत नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने केला. दोन हजार रुपयांच्या त्या खरेदीचं मोल सहा वर्षांनी कळलं.

15 फेब्रुवारी 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने योजना घटनाबाह्य ठरवली. 12 एप्रिल 2019 पासूनचा तपशील स्टेट बँकेने 6 मार्चपर्यंत द्यायचा होता. बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली. कारण असं, की खरेदीची माहिती आणि वटवल्याची माहिती वेगवेगळ्या सीलबंद लिफाफ्यांत मुंबईच्या मुख्य शाखेत आहे. 22,217 रोख्यांची दोन्हीकडची मिळून 44,434 नोंदींची जुळवणी करावी लागेल. न्यायालयाने मुदत नाकारली. जुळवणी करून द्या असं आम्ही सांगितलेलंच नाही, आहे ते द्या, असं बजावलं. मग आल्या त्या दोन फाइली. त्यांत क्रमांक नाहीत म्हटल्यावर न्यायालयाने बँकेला पुन्हा फटकारलं आणि 21 मार्चला क्रमांकांसह याद्या प्रसिद्ध झाल्या. क्रमांकाच्या आधी ओसी असलं तर रोखा एक कोटीचा, टीएल असलं तर दहा लाखांचा. जे काम बँकेला जूनपर्यंत झेपणार नव्हतं, ते पत्रकारांनी आणि प्रोग्रॅमरांनी त्याच रात्री स्प्रेडशीटमध्ये क्रमांकाला क्रमांक जोडून केलं.

पण कोणी कोणाला दिले एवढंच त्यातून कळतं. पुढचं काम तिसरी यादी जोडायचं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 100 रुपये भरले की कंपनीने दाखल केलेला ताळेबंद पाहता येतो. नवी मुंबईत नोंदणी असलेल्या क्विक सप्लाय चेन या फारशा माहीत नसलेल्या कंपनीने एकूण 410 कोटींचे रोखे घेतले, त्यातले 375 कोटी भाजपकडे गेले. 2021-22 या एका वर्षात तिने 360 कोटींचे रोखे घेतले. त्या वर्षीचा तिचा निव्वळ नफा होता 21.72 कोटी. सरासरी नफा एवढाच धरला तर जुन्या नियमाने तिची मर्यादा 1 कोटी 63 लाखांच्या आसपास आली असती.

चौथी यादी तारखांची. ऑरोबिंदो फार्माच्या एका संचालकाला 10 नोव्हेंबर 2022 ला सक्तवसुली संचालनालयाने अटक केली. 15 तारखेला कंपनीने 5 कोटींचे रोखे घेतले, 21 ला भाजपने ते वटवले. मेघा इंजिनिअरिंगने 11 एप्रिल 2023 ला 140 कोटींचे रोखे घेतले आणि महिनाभरात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं 14,400 कोटींचं काम तिला मिळालं.

इथे हात आखडता घ्यायला हवा. तारखा जवळ आल्या म्हणजे देवाणघेवाण सिद्ध झाली असं नाही. मेघासारख्या कंपनीला वर्षभर कुठे ना कुठे कामं मिळत असतात, आणि तिने पाच वर्षांत 966 कोटींचे रोखे घेतले. त्यामुळे काही तारखा शेजारी येणारच. निविदा कधी निघाली, किती जणांनी भरली, अटी मध्येच बदलल्या का, हे तपासल्याशिवाय तक्ता फक्त प्रश्न विचारतो. न्यूजलॉन्ड्री, स्क्रोल, द न्यूज मिनिट आणि काही स्वतंत्र पत्रकारांनी मिळून हे काम वाटून घेतलं ते त्यामुळेच. एका न्यूजरूमला ते पेलणारं नव्हतं. या देणग्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2 ऑगस्ट 2024 ला फेटाळली.

रोख्यांची विक्री सुरू झाली होती मार्च 2018 मध्ये. तेव्हापासून 11 एप्रिल 2019 पर्यंतचे रोखे न्यायालयाच्या आदेशात येत नाहीत, आणि तो तपशील मागणारा अर्जही नाकारला गेला. त्या 13 महिन्यांत पक्षांनी किती वटवले याचे आकडे आहेत. खरेदीदारांची यादी स्टेट बँकेकडेच आहे.