झेव्हियर नावातलं 'नवघर'

मुलांच्या नावांच्या याद्यांत 'झेव्हियर'पुढे बऱ्याचदा 'तेजस्वी' असा अर्थ दिलेला असतो, शेजारी शुभांक आणि शुभरंगही. शुभांकाचं सोडा, अर्थही चुकीचाच आहे. हे मुळात गावाचं नाव. स्पेनमधल्या नवारा प्रांतात हे गाव आहे आणि तिथल्या किल्ल्यात 1506 साली फ्रान्सिस झेव्हियर जन्मले. तिथल्या बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवीन. बास्कमध्ये विशेषण नामानंतर येतं, म्हणून 'एचेबेरी'. आपल्या मुलुंडचं किंवा वसईचं नवघर म्हणा ना! 1622 मध्ये फ्रान्सिस यांना संतपद मिळालं आणि गावाचं नाव मुलांना ठेवलं जाऊ लागलं.

'एचेबेरी'चं रूप बदललं ते शेजारच्या लॅटिनोद्भव बोलींच्या तोंडी. सुरुवातीचा 'ए' गळला, 'च'चा 'श' झाला. 'बे'मधला आघाती, म्हणजे जोर देऊन म्हटलेला, 'ए' फुटून 'इए' झाला. लॅटिन 'तेर्रा'चं स्पॅनिश 'तिएर्रा' झालं तसाच. हाती आलं 'शाव्हिएर', लिहायचं मात्र एक्सने, कारण जुन्या स्पॅनिशमध्ये एक्स म्हणजे 'श'.

मग आज स्पेनमध्ये 'ख़ाव्येर' का म्हणतात? खरी गंमत इथे आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये दातांजवळचा 'त्स', जिभेचं टोक वर वळवून काढलेला 'स' आणि टाळूवरचा 'श' असे तीन शीत्कार, म्हणजे 'स'-'श'सारखे सळसळते ध्वनी, होते, आणि प्रत्येकाचा एक घोष, म्हणजे कंठ थरथरवून काढलेला, जोडीदार. सोळाव्या शतकाच्या सुमारास घोष-अघोष भेद मिटला. 'त्स'मधला 'त'ही गेला. उरलेले तिन्ही ध्वनी इतके जवळ आले की कानाला गोंधळ व्हावा. मराठी बोलण्यात 'श' आणि 'ष' एक झाले. स्पेनच्या मध्यभागातल्या कॅस्टिलमध्ये मात्र ध्वनी एकमेकांपासून दूर सरकले. पहिला पुढे दातांत गेला, मधला जागीच राहिला, 'श' मागे घसरत पडजिभेकडे गेला. 'श' म्हणताना हवा चालू ठेवून जीभ हळूहळू मागे ओढा, 'ख़' ऐकू येईल. जीभ टाळूला पूर्ण टेकली, की मराठी 'ख' होतो आणि उच्चार फसतो.

'श'च्या घोष जोडीदारासाठी वापरलं जाणारं 'जे' (J) हे अक्षरही याच 'ख़'वर येऊन पोचलं होतं. म्हणून 1815 मध्ये स्पॅनिश अकादमीने या ध्वनीसाठी एक्स काढून 'जे' ठेवला. मेक्सिकोने आपला एक्स सोडला नाही, उच्चार मात्र 'मेख़िको'.

फ्रान्सिस 1542 मध्ये गोव्यात आले तेव्हा हे घसरणं पुरतं झालेलं नव्हतं, आणि पोर्तुगीजमध्ये तर एक्सचा 'श' आजही शाबूत आहे. त्यामुळे गोव्याचा 'शाव्हिएर' त्यांच्या काळच्या उच्चाराला माद्रिदपेक्षा जवळचा. रोमी कोंकणीत शाकुती एक्सने लिहितात, तोच हा एक्स. मुंबईचा 'झेव्हियर' इंग्रजीतून आलेला.

'ख़' जमत नसेल तर सरळ 'हाव्येर' म्हणा. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाच्या बऱ्याच भागात आणि कॅरिबियन बेटांवर असंच म्हणतात.