सात वर्षांतली तीन: ट्रुमन शिष्यवृत्तीची पार्श्वभूमी

शिक्षणासाठी पैसे घ्या, पण पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर पुढच्या सात वर्षांतली तीन वर्षं लोकांच्या कामाला द्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीची ही अट आहे. सरकारी खातं, शाळा, लष्कर, लोकहितासाठी चालणारी स्वयंसेवी संस्था, यातलं काहीही चालतं. शब्द पाळला नाही, तर मिळालेली रक्कम व्याजासकट परत करावी लागते. विद्यार्थ्यांत नीतिमत्ता आणि नागरी जबाबदारी रुजावी म्हणून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या आता पुष्कळ आहेत. त्यांतली ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती या अटीमुळे.

ज्यांच्या नावाने ही शिष्यवृत्ती आहे, त्या ट्रुमन यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. तरुणपणी त्यांनी शेती केली, पहिल्या महायुद्धात ते लढले आणि परत आल्यावर एका मित्राबरोबर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं. १९२२ मध्ये ते बुडालं. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता आलं असतं. ट्रुमन यांनी तसं केलं नाही. दुकानाचं देणं ते पुढे कित्येक वर्षं फेडत राहिले.

त्यानंतर ते जॅक्सन काउंटीचे ‘जज’ झाले. नाव न्यायाधीशाचं असलं, तरी काम आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं होतं: रस्ते, इमारती, कंत्राटं, हिशेब. ही खुर्ची त्यांना मिळाली ती टॉम पेंडरगास्ट या स्थानिक पुढाऱ्याच्या पाठिंब्यावर, आणि पेंडरगास्टची माणसं कंत्राटांवर टपलेली. १९२८ मध्ये मतदारांनी रस्त्यांसाठी कर्जरोखे मंजूर केले, तेव्हा आपल्याच लोकांना कामं मिळावीत म्हणून दबाव आला. ट्रुमन यांनी कामं सर्वांत कमी दराच्या निविदेला दिली. रस्ते चांगले झाले.

मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्या काळात एका हॉटेलच्या खोलीत बसून ट्रुमन यांनी स्वतःसाठी काही टिपणं लिहिली. मोठी लूट थांबवण्यासाठी आपण एका माणसाला सुमारे १०,००० डॉलर खाऊ दिले, हे त्यांत त्यांनी नोंदवलं आहे. आणि आपण बरोबर केलं की चूक, असा प्रश्न स्वतःलाच विचारला आहे. नीतिमत्तेचा अभ्यास कुठून सुरू करावा असं कुणी विचारलं, तर मी या टिपणांकडे बोट दाखवेन. याच माणसाच्या संमतीने पुढे हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले, हेही त्यांच्या नावाबरोबर येतं आणि ते झाकता येत नाही.

२६ डिसेंबर १९७२ रोजी ट्रुमन गेले. दगडविटांचं स्मारक नको, जिवंत स्मारक हवं, ही त्यांची इच्छा असल्याचं सांगितलं जातं. त्यातून लोकसेवेत जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची कल्पना पुढे आली आणि ४ जानेवारी १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. वॉटरगेट घोटाळ्यापायी आधीचे अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा देऊन जेमतेम पाच महिने झाले होते. सरकारी नोकरी म्हटलं की तरुणांनी नाक मुरडावं, असे ते दिवस. त्या दिवसांत संसदेने ३ कोटी डॉलरचा निधी वेगळा काढला. मूळ रक्कम सरकारी रोख्यांत ठेवायची आणि उत्पन्नावर शिष्यवृत्त्या द्यायच्या, अशी रचना होती. पहिले विद्यार्थी १९७७ मध्ये निवडले गेले.

विश्वस्त मंडळाची घडणही विचारपूर्वक केलेली आहे. अध्यक्ष जे आठ विश्वस्त नेमतात, त्यांत एका पक्षाचे चारपेक्षा जास्त असता कामा नयेत. संसदेच्या दोन्ही सभागृहांतून येणारे सदस्यही दोन्ही पक्षांचे.

आता अर्जाकडे पाहा. विद्यापीठाने आधी नाव सुचवावं लागतं. विद्यार्थी पदवीच्या शेवटून दुसऱ्या वर्षाचा असतो. गुणपत्रक लागतंच, पण खरा कस इतर प्रश्नांत लागतो. नेतृत्वाचा एकच प्रसंग सांगा. समाधान देणारं लोकसेवेचं एक काम सांगा. समाजातला कोणता प्रश्न हाती घेणार, ते सांगा. शेवटी एक धोरणप्रस्ताव: एखाद्या अधिकारपदावरच्या व्यक्तीला उद्देशून प्रश्न मांडायचा, तोडगा सुचवायचा आणि त्यात काय आडवं येईल तेही लिहायचं. हा शेवटचा भाग मला फार आवडतो. ‘भ्रष्टाचार नष्ट व्हावा’ असं लिहून इथे भागत नाही. कोणत्या टेबलावर, कोणी, काय बदलायचं ते सांगावं लागतं. दरवर्षी साठच्या आसपास विद्यार्थी निवडले जातात आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रत्येकाला ३०,००० डॉलरपर्यंत मिळतात.

सात वर्षांतल्या तीन वर्षांची अट मात्र लागू आहे ती जानेवारी २००५ नंतर निवडलेल्यांना. म्हणजे पहिली जवळपास तीन दशकं हेतू होता, त्याला आजच्यासारखी तीन वर्षांची गाठ नव्हती. हेतू कागदावर लिहून माणूस बांधला जात नाही, हे लक्षात यायला वेळ लागतो.

अशी गाठ आपल्याला नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला हजर झाले. अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावं लागलं. विद्यार्थी करार पाळायला आला होता. सेवा करून घ्यायला शहर तयार नव्हतं.

म्हणून अशा कोणत्याही शिष्यवृत्तीत मी दुसरी बाजू आधी शोधतो: अट घालणारे जागा काय देतात? ट्रुमन प्रतिष्ठान पदवी संपलेल्यांना उन्हाळ्यात वॉशिंग्टनला बोलावतं, सरकारी कार्यालयांत आणि संस्थांत त्यांना काम मिळवून देतं आणि त्या आठवड्यांच्या राहण्याखाण्याच्या खर्चाला हातभार लावतं.